खरवडण्यापूर्वी

आई पहिल्यांदा आमच्याकडे इंग्लंडला आली, तेव्हा विमानातला अवघडलेपणा घालवायला हॉलमधल्या सोफ्यावर आडवी झाली आणि वर बघत म्हणाली, "अरे, हे छत कुणी सारवलंय?"

त्या घरात राहून आम्हाला दोन वर्षं झाली होती. छत रोज डोळ्यांवरून जायचं, पण ते कशासारखं दिसतं हे आईनं म्हटल्यावर दिसलं. शेणानं जमीन सारवताना हात जसजसा मागे सरकतो तशा बोटांच्या अर्धगोल ओळी उठत जातात, एका कमानीत दुसरी अडकलेली. अगदी तशाच ओळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शेणाच्या जागी पांढरा लेप आणि बोटांच्या जागी दातेरी कंगवा, एवढाच काय तो फरक. कडेनं चार बोटं रुंदीची गुळगुळीत पट्टीही सोडलेली. आई म्हणाली, "हात चांगलाय हो कुणाचा तरी. पण छताला कशाला?"

हा प्रश्न ब्रिटनमधल्या लाखो घरमालकांना गेली पंचवीस-तीस वर्षं पडतो आहे. या लेपाला तिथे सरसकट 'आर्टेक्स' म्हणतात. ते मुळात एका उत्पादनाचं नाव, १९३५ पासूनचं. पण आपल्याकडे वनस्पती तुपाचा डालडा झाला आणि छायाप्रतीचं झेरॉक्स झालं, तसं खडबडीत छत कुणाच्याही मालाचं असो, ते आर्टेक्सच. पोतं फोडायचं, पावडर पाण्यात कालवायची, जाड ब्रशनं छताला थापायची आणि ओली आहे तोवर तिच्यावर नक्षी उठवायची. रबरी ठोकळ्यानं ठोकलं की काटे उठतात, कंगवा फिरवला की आमच्यासारखे पंखे, मनगट गोल वळवलं की भोवरे. काटे फार टोकदार झाले तर प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं हलकेच आडवे करायचे, म्हणजे शिडीवर चढलेल्याचं डोकं खरचटत नाही. (या पट्टीचा कंटाळा केलेली छतंही मी पाहिली आहेत. खरचटणं काय असतं ते तिथे कळतं.)

छताला नक्षी का, याचं उत्तर गवंड्याला विचारावं. भिंतीपेक्षा छत गुळगुळीत करणं कैक पटींनी अवघड. हात वर धरून काम करायचं, माल अंगावर पडणार, आणि खिडकीतून येणारा तिरपा उजेड छतावरून सरपटत जात असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही सावली टाकणार. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये घरं झपाट्यानं बांधायची होती. छतं प्लास्टरबोर्डाची, म्हणजे दोन कागदांच्या मध्ये जिप्समचा थर असलेल्या पाट्यांची. त्या वाशांना खिळ्यांनी ठोकायच्या. मग दोन पाट्यांमधली फट दिसते आणि खिळ्यांची डोकी दिसतात. ते सगळं नाहीसं करायचं तर कसबी प्लास्टरवाला हवा, जो दोन-तीन मिलिमीटरचा पातळ थर माल आवळण्याच्या आत आरशासारखा ओढेल. असा माणूस महाग आणि त्याची वाट बघावी लागते. लेपाचं तसं नव्हतं. तो बेताच्या हाताचा रंगारीही अर्ध्या दिवसात मारून मोकळा होई. सांधा वाकडा असो, तडा असो, पाटी खालीवर असो, नक्षीत सगळं खपून जाई. मराठीत याला नेमका शब्द आहे: सारवासारव.

सत्तरच्या दशकात या सारवासारवीची फॅशन झाली. जुन्या घरांमध्ये, जिथे लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा केलेली छतं तडकून लोंबायला लागली होती, तिथेही हा लेप चढला. आणि मग ऐंशीचं दशक सरलं, आवड बदलली, धूळ आणि जळमटं धरणारी ही छतं जुनाट वाटायला लागली. घर विकत घेतलं की पहिल्या महिन्यात लोक खरवडायला घेऊ लागले.

आमचंही तेच ठरलं होतं. माझ्या एका मित्रानं शनिवारसाठी भाड्यानं सँडर आणायची तयारी दाखवली, लांब दांड्याचं घासायचं यंत्र. "एका दुपारचं काम आहे. तोंडाला रुमाल बांधू आणि उडवून टाकू." शुक्रवारी संध्याकाळी कुंपणापलीकडच्या आजोबांना मी उत्साहानं हा बेत सांगितला. ते निवृत्त प्लंबर. त्यांनी हातातली पाण्याची नळी खाली ठेवली. "त्यात काय आहे ते तपासलंत का?" त्यांच्याबरोबर उमेदवारी केलेल्या दोघांना फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होऊन ते गेले होते. हे त्यांनी अगदी साध्या सुरात सांगितलं आणि नळी उचलून पुन्हा गुलाबांकडे वळले. सँडर आला नाही.

त्या लेपात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

का, ते समजायला फार लांब जायला नको. मातीच्या घराचा गिलावा करताना आपण मातीत भुसा किंवा गवताचे तुकडे घालतो. तंतू माती धरून ठेवतात, सुकताना भेगा पडू देत नाहीत. छताच्या लेपाला हे दुप्पट गरजेचं. उठवलेला काटा सुकेपर्यंत उभा राहिला पाहिजे, ओघळता कामा नये. त्यासाठी पांढरं ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, फार सोयीचं होतं. हा खरं तर दगड, पण नखानं उलगडला तर लोकरीसारखे तंतू सुटणारा. प्रमाण फार नसे, साधारणपणे शेकडा एक ते पाच. तेवढ्यानं लेप लोण्यासारखा पसरे आणि जिथे ठेवाल तिथे थांबे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात या खनिजाची इतकी मोठी खाण होती की शेजारच्या गावाचं नावच 'ॲस्बेस्टॉस' होतं. २०२० मध्ये गावकऱ्यांनी ते बदलून वाल-दे-सूर्स केलं.

तंतू जोवर लेपात घट्ट बसलेले आहेत आणि वर रंगाचे पाच-सहा हात आहेत, तोवर ते कुणाचं काही बिघडवत नाहीत. छताखाली झोपल्यानं काही होत नाही. गडबड होते ती लेपाची पूड झाल्यावर. हवेतले तंतू मोजताना तज्ज्ञ जे तंतू धरतात ते पाच मायक्रॉनपेक्षा लांब आणि तीन मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. नाकातले केस, घशातला कफ या सगळ्यांना चुकवून ते फुप्फुसाच्या तळाशी जातात, आणि शरीराला ते सहजी विरघळवता येत नाहीत. वर्षानुवर्षं तिथे दाह होत राहतो. फुप्फुसं कडक होणं, फुप्फुसाचा कर्करोग आणि त्याच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे त्याचे परिणाम. मेसोथेलिओमा दिसायला वीस ते पन्नास वर्षं लागू शकतात. त्यामुळे आज खोकला नाही याचा काहीच अर्थ नसतो. एकदा भोक पाडलं म्हणून घाबरून जायचं कारण नाही, कारण धोका श्वासागणिक साठत जातो. म्हणूनच तो घरमालकापेक्षा रोज नव्या घरात भोकं पाडणाऱ्या प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियनला जास्त. ब्रिटनमध्ये आजही वर्षाला सुमारे ५,००० मृत्यू जुन्या ॲस्बेस्टॉसशी जोडलेले आहेत.

हे माहीत नव्हतं असंही नाही. रॉचडेलच्या गिरणीत ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली कर्शॉ १९२४ मध्ये ३३व्या वर्षी वारली आणि तिच्या फुप्फुसांचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. गिरण्यांसाठी नियम १९३१ मध्ये आले. निळं आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस ब्रिटननं १९८५ मध्ये बंद केलं. पांढऱ्यावर बंदी यायला २४ नोव्हेंबर १९९९ उजाडला. आर्टेक्सनं स्वतः ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ते वापरणं सोडलं होतं, पण गोदामातली जुनी पोती आणि इतरांचा माल चालूच राहिला. म्हणून तिथला व्यवहारी नियम असा: घर २००० पूर्वीचं असेल तर लेपात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालायचं, चाचणीनं 'नाही' म्हणेपर्यंत.

चाचणी स्वस्त आणि सोपी आहे, आणि लोक नेमकी तीच टाळतात. खोलीची दारं-खिडक्या लावायच्या, पंखा बंद. खाली प्लॅस्टिक. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, कारण नुसतं पाणी रंगावरून घरंगळून जातं. नाण्याएवढी जागा चिंब भिजवायची आणि तोंडावर चांगला मास्क लावून चाकूच्या टोकानं लेपाचा तळापर्यंतचा तुकडा हळूच सुटा करायचा. वरचा रंग तेवढा खरवडून पाठवला तर प्रयोगशाळा तुम्हाला रंगाचाच अहवाल देईल. तुकडा एका पिशवीत, ती पिशवी दुसरीत, वर खोलीचं नाव. उघड्या पडलेल्या जागेवर लांबी किंवा रंगाचा हात. प्रयोगशाळेत तो ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. क्रायसोटाइलचे तंतू तिथे कुरळे दिसतात आणि ठरावीक तेलात बुडवले की त्यांचे ठरावीक रंग चमकतात.

प्रत्येक खोलीचा नमुना वेगळा हवा. लेप बादलीत कालवला जाई, पोतं संपलं की दुसरं फुटे, आणि एकाच घरात दोन खोल्या दहा वर्षांच्या अंतरानं झालेल्या असत. आमचंच बघा. हॉलच्या नमुन्यापुढे 'क्रायसोटाइल आढळलं' असं लिहून आलं. मागच्या छोट्या खोलीच्या, जी नंतर वाढवली होती, नमुन्यापुढे 'ॲस्बेस्टॉस आढळलं नाही'. दोन्ही छतं सारख्याच पंख्यांची. डोळ्यांनी सांगता आलंच नसतं.

आता हॉलचं काय करायचं? पहिला पर्याय म्हणजे काहीही न करणं, आणि तो दिसतो त्यापेक्षा शहाणपणाचा आहे. लेप धड असेल, गळती नसेल, तर वर रोलरनं रंगाचा एक हात मारावा आणि सोडून द्यावं. आई याच मताची होती. "चांगलं दिसतंय की. उगीच कशाला उकरता?" पण आम्हाला दिवे बदलायचे होते, आणि खरं सांगायचं तर गुळगुळीत छताची हौसही होती.

दुसरा पर्याय झाकण्याचा. यात दोन वाटा. एक, लेपाला चिकटद्रव्याचा हात मारून वरून नवं प्लास्टर ओढणं. पण नक्षीचे उंचवटे मोठे असतील तर प्लास्टरवाला आधी ते पात्यानं उडवायला जातो, आणि तिथेच पूड होते. ॲस्बेस्टॉस असेल तर त्याला हे आधीच सांगावं लागतं, अहवाल दाखवून. उंचवटे न तोडता जाडा भरणीचा थर देऊन मग वर पातळ थर देता येतो, पण लेप मुळात छताला घट्ट चिकटलेला नसेल तर हे सगळं ओझं घेऊन तो एक दिवस खाली येईल. चुन्याच्या जुन्या छतांवर ही भीती खरी आहे. तिथे कधी कधी तो लेपच तडकलेल्या गिलाव्याला धरून असतो.

दुसरी वाट म्हणजे वरून नव्या पाट्या ठोकणं. आम्ही ती घेतली. जुना लेप जिथे आहे तिथेच राहतो, नवा प्लास्टरबोर्ड त्याच्यातून थेट वाशांपर्यंत लांब स्क्रूंनी आवळायचा. ऐकायला सोपं. पण २.४ मीटर बाय १.२ मीटरची, साडेबारा मिलिमीटर जाडीची एक पाटी पंचवीसेक किलोची असते आणि ती डोक्यावर धरून, मान वाकडी करून, दुसऱ्यानं स्क्रू मारेपर्यंत स्थिर ठेवायची. वासे शोधायचे, ते आमच्याकडे चारशे मिलिमीटरवर होते. स्क्रू वाशाला न लागता पोकळीत गेला तर तो काढायचा आणि दुसरीकडे मारायचा, म्हणजे एक भोक वाढलं. हे काम आम्ही स्वतः केलं नाही. आलेल्या दोन कारागिरांनी अहवाल नीट वाचला, तोंडावर एफएफपी-३ दर्जाचे मास्क चढवले आणि अंगात टाकून द्यायचे कागदी झगे.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्याकडून मन लावून पाहिली. दिव्यासाठी छताला भोक पाडायचं होतं. कारागिरानं कागदी कपाच्या बुडाला छिद्र पाडलं, कपात दाढीचा फेस ठासून भरला आणि ड्रिलचं पातं त्या छिद्रातून घालून कप छताला दाबून धरला. ड्रिल फिरलं, पूड सगळी फेसात अडकली, एक कणही खाली आला नाही. मग तो कप तसाच पिशवीत, आणि छिद्राची कड ओल्या फडक्यानं पुसली. इतकं साधं साधन आणि इतका नेटका विचार मी क्वचित पाहिला आहे. दाट खळही चालते म्हणाला, पण फेस खिशात मावतो.

तिसरा पर्याय मुळापासून काढण्याचा. ब्रिटनच्या २००६ च्या नियमांनी असल्या लेपाचं काम परवाना सक्तीच्या यादीतून वगळलं, कारण पाइपांच्या वेष्टनासारख्या भुसभुशीत मालाच्या मानानं इथे तंतू घट्ट बांधलेले असतात आणि ओल्यानं काढलं तर फार थोडे सुटतात. परवाना लागत नाही म्हणजे नियम लागत नाहीत, असं काही ठेकेदार सांगतात. ते खोटं आहे. प्रशिक्षण हवं, खोली प्लॅस्टिकनं बंद हवी, साफसफाईला एच वर्गाचा व्हॅक्यूम हवा, कचरा दुहेरी पिशव्यांत बांधून घातक कचरा म्हणूनच गेला पाहिजे. घरातला झाडू किंवा साधा व्हॅक्यूम लावला तर तो तंतू एका टोकानं ओढतो आणि दुसऱ्या टोकानं खोलीभर उडवतो. आणि सँडर! आमच्या त्या शनिवारच्या दुपारी जे झालं असतं ते असं: पीठगिरणीसारखी पूड, ती पडद्यांत, गाद्यांत, मुलाच्या खेळण्यांत, आणि मग अख्खं घर धुऊन काढायला येणारी माणसं.

मागच्या खोलीत ॲस्बेस्टॉस नव्हतं, तेव्हा तिथे मी हात साफ करून घेतला. पद्धत वाफेची. भिंतीचा कागद काढायला तिथे वाफेचं यंत्र मिळतं: पाण्याची टाकी, नळी आणि नळीच्या टोकाला थाळीसारखी सपाट पेटी. पेटी छताला अर्धा मिनिट टेकवायची, सरकवायची, आणि भिजून फुगलेल्या जागेत रुंद पात्याचा खरवडा आडवा घालायचा. जमलं की दुधावरची साय निघावी तसा सगळा थर, रंगाच्या पाच हातांसकट, वळी होऊन खाली येतो. खोलीत ओल्या खडूचा वास भरतो. कोपरापर्यंत गरम पाण्याचे ओघळ. पहिला तास मजा वाटली. मग कळलं, एका चौरस मीटरला जवळजवळ तास जातोय. पेटी जास्त वेळ टेकवली तर प्लास्टरबोर्डाचा कागदच भिजून फाटतो, कमी टेकवली तर लेप हटत नाही. तैलरंगाचा हात असेल तर वाफ आत शिरतच नाही. तिथे लेप विरघळवणारी जेली जाड थापून, वर प्लॅस्टिक लावून रात्रभर ठेवावी लागते.

लेप निघाला आणि त्यानं चाळीसेक वर्षं काय झाकलं होतं ते समोर आलं. दोन पाट्यांमध्ये बोटभर फट. एका कोपऱ्यात पाटी कमी पडली म्हणून लावलेला त्रिकोणी तुकडा. खिळ्यांची गंजलेली डोकी. आणि मधोमध पेन्सिलीनं केलेली कुण्या सुताराची वजाबाकी, चुकलेली. मी ती दुरुस्त केली नाही. प्लास्टरवाल्यानं एका दुपारी दोन हात ओढून सगळं पुन्हा झाकलं, या वेळी गुळगुळीत.

हेच नाटक अमेरिकेत वेगळ्या वेशात झालं. माझा मावसभाऊ एडिसनला राहतो. त्याच्या घराच्या छताला पाहून आई म्हणाली असती, ज्वारीच्या लाह्या चिकटवल्यात. तिथे म्हणतातही 'पॉपकॉर्न' छत. हातानं थापायची भानगड नाही, पंपानं फवारायचं. आवाज शोषतं अशी जाहिरात होती आणि थोडाफार शोषतही असेल, पण खरं कारण तेच, सांधे झाकायचे. अमेरिकेनं असा ॲस्बेस्टॉसयुक्त फवारा सजावटीसाठी वापरायला १९७८ मध्ये बंदी केली, पण हातातला साठा संपवायची मुभा होती, म्हणून ऐंशीच्या दशकातली घरंही संशयित. लाह्यांमध्ये घातलेलं व्हर्मिक्युलाइटही निर्धोक नव्हतं. त्यातलं बरंचसं मोंटाना राज्यातल्या लिबीच्या खाणीचं, आणि त्या खनिजातच दुसऱ्या जातीचं ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. ती खाण १९९० मध्ये बंद झाली. ॲस्बेस्टॉसवरची सरसकट बंदी मात्र १९८९ मध्ये आली, १९९१ मध्ये न्यायालयात बहुतांश रद्द झाली, आणि क्रायसोटाइलपुरती २०२४ मध्ये पुन्हा काढावी लागली.

भावाच्या छताचा अहवाल निर्मळ आला. मग काम बागेतल्या फवारणीच्या पंपानं. छत भिजवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, रुंद पातं फिरवायचं, आणि लाह्या ओल्या कण्यांसारख्या खाली. मात्र हे सुख रंग न मारलेल्या छतापुरतं. कुणी हौसेनं वर रंग मारला असेल तर पाणी आत जात नाही आणि लाही दगडासारखी बसते. त्याच्या दोन खोल्या एका दिवसात झाल्या, तिसरी, रंग मारलेली, अजून तशीच आहे. तो म्हणतो, तिथे पाहुणे झोपतात.

आणि आपल्याकडे? पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आर्टेक्स नाही. आपलं टेक्श्चर म्हणजे बहुधा भिंतीवरचा ॲक्रिलिकचा जाड रंग, किंवा बाहेरून वाळू-सिमेंटचा खडबडीत गिलावा. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर भारतात सरसकट बंदी नाही, पण ते आपल्याला भेटतं ते सिमेंटच्या पत्र्यांत: चाळीच्या छपरावर, गोठ्यावर, बाल्कनीच्या शेडवर. तो पत्रा हातोड्यानं फोडू नका, करवतीनं कापू नका, भिजवा आणि अखंड उतरवा, एवढं तरी सांगितलं पाहिजे.

पण पुतळ्यासारखा पांढरा झालेला रंगारी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दिवाळीच्या आधी तो घोड्यावर उभा राहून भिंतीचे पोपडे काढतो, पुट्टीवर पॉलिशपेपर फिरवतो आणि हल्ली वेळ वाचवायला ग्राइंडरही लावतो. तोंडाला रुमाल. सिमेंटच्या गिलाव्यातल्या वाळूत सिलिका असते, तिची कोरडी बारीक पूड वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आणणारा आपला नियम १ नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू झाला. रुमालानं यातलं काही अडत नाही. एन-९५ मास्क आणि पाण्याची बादली त्याच्या हातात देणं हे घरमालकाचं काम आहे. तो 'सवय आहे साहेब' म्हणेल. तरी द्यावा.

आमच्या हॉलचं छत आता पंधरा मिलिमीटरनं खाली आलं आहे आणि कागदासारखं सपाट आहे. आईला ते आवडलं नाही. दवाखान्यासारखं वाटतं म्हणाली. जुनं सारवण वरती जसंच्या तसं आहे. कारागीर गेल्यावर शेजारच्या आजोबांनी आणखी एक काम सांगितलं, ते मी त्याच संध्याकाळी केलं. प्रयोगशाळेचा अहवाल घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावला आणि विजेच्या मीटरच्या पेटीच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवली, कारण कोणताही इलेक्ट्रिशियन आधी ते दार उघडतो. चिठ्ठीवर एवढंच आहे: 'हॉलचं छत: नव्या बोर्डाच्या वर जुना लेप आहे. त्यात क्रायसोटाइल आहे. भोक पाडण्यापूर्वी फाइल बघा.' तुम्ही छत झाकलंत, तर ही चिठ्ठी विसरू नका.